इंदापूर पुणे जिल्ह्यात, मग पिनकोड सोलापूरचा का? सहा आकड्यांत देश बसवणाऱ्या श्रीराम वेलणकरांची गोष्ट

पुणे-सोलापूर हायवेवरचं इंदापूर. जिल्हा पुणे, झेडपी पुण्याची, कलेक्टर पुण्यात. पण इंदापूरचा पिनकोड बघितलाय का? ४१३१०६. पुणे शहराचा पिन सुरू होतो ४११ ने. ४१३ हा आकडा सोलापूरचा, सोलापूर शहराचा पिन ४१३००१. शेजारच्या बारामतीचंही तेच, ४१३१०२. भिगवण ४१३१३०, वालचंदनगर ४१३११४, दौंड ४१३८०१. सगळी गावं पुणे जिल्ह्यातली आणि सगळ्यांच्या पिनकोडची सुरुवात सोलापूरच्या आकड्याने.

ही चूक नाही. टपालाचा नकाशा असाच आखलेला आहे आणि त्याच्या मागे एक मराठी माणूस आहे, श्रीराम भिकाजी वेलणकर. आज त्यांनी केलेल्या कामाशिवाय पार्सल येत नाही, बँकेचा फॉर्म भरला जात नाही, आधार कार्डावरचा पत्ता पूर्ण होत नाही. नाव मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

गंमत म्हणजे वेलणकरांनी जो प्रश्न टपालासाठी सोडवला, तोच प्रश्न पुढच्या दहा वर्षांत कॉम्प्युटरवाल्यांसमोर उभा राहिला. तुमच्या घरच्या वायफायवर मोबाईल प्रिंटरला कसा शोधतो, याचं उत्तरही याच गोष्टीत सापडतं. पण आधी वेलणकर.

सरकारी अधिकारी आणि संस्कृत कवी

श्रीराम वेलणकरांचा जन्म २२ जून १९१५ चा. नोकरी टपाल खात्यात. तिथे वर चढत चढत ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव झाले, पोस्ट अँड टेलिग्राफ बोर्डाचे वरिष्ठ सदस्य झाले. त्या काळी पोस्ट, तार आणि टेलिफोन अशी तिन्ही खाती एकाच छताखाली होती, त्यामुळे हे पद केवढं मोठं होतं याचा अंदाज येईल.

पण ही त्यांची अर्धीच ओळख. उरलेली अर्धी ओळख संस्कृत कवीची. त्यांनी संस्कृतमध्ये कविता लिहिल्या, नाटकं लिहिली, आणि ही पुस्तकं थोडीथोडकी नाहीत, शंभराच्या वर आहेत. दिवसा टपाल खात्याच्या फायली आणि बाकीच्या वेळात वृत्तं, छंद आणि नाटकातले संवाद, असं हे आयुष्य.

वरवर बघता दोन्हींचा काही संबंध दिसत नाही. पण संस्कृत वृत्तात प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते. लघु कुठे, गुरू कुठे, हे ठरलेलं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की ओळ मोडली. पिनकोडही तसाच आहे. सहा आकडे, प्रत्येकाची जागा ठरलेली आणि प्रत्येक जागेला अर्थ. एक आकडा बदला, पत्र दुसऱ्या राज्यात जातं.

अडचण नेमकी काय होती?

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात २३,३४४ पोस्ट ऑफिसं होती. पुढच्या पंचवीस वर्षांत खेडोपाडी पोस्ट गेलं. पोस्ट वाढलं, साक्षरता वाढली, पत्रं वाढली. आणि त्याबरोबर गोंधळही वाढला.

पहिला गोंधळ नावांचा. साधं इंदापूरच घ्या. पुणे जिल्ह्यात एक इंदापूर आणि रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा हायवेवर दुसरं इंदापूर. एक उजनीच्या पाण्याकाठी, दुसरं कोकणात. १९७२ साली पत्रावर नुसतं इंदापूर, महाराष्ट्र लिहिलं तर ते कुठे जायचं? हे झालं एका राज्यातलं. औरंगाबाद महाराष्ट्रात होतं तसं बिहारमध्येही होतं. रामपूर नावाची गावं तर मोजायला बसलात तर दमाल.

दुसरा गोंधळ भाषेचा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तेव्हा १५ भाषा होत्या. लिप्या वेगवेगळ्या. मदुराईहून तमिळमध्ये पत्ता लिहिलेलं पाकीट बारामतीला यायचं असेल, तर वाटेत ते किती जणांना वाचता येणार? त्यात हस्ताक्षर, शाई पुसलेली, स्पेलिंग चुकलेलं.

या सगळ्याचा भार पडायचा पत्रांचं वर्गीकरण करणाऱ्या माणसावर. रेल्वे मेल सर्व्हिसचे कर्मचारी धावत्या गाडीत उभं राहून पत्रं वेगळी करायचे. समोर खणांची मांडणी, हातात गठ्ठा आणि डोक्यात हजारो गावांची नावं. कुठलं गाव कुठल्या पोस्टाखाली, कुठली थैली कुठल्या स्टेशनला उतरवायची, हे सगळं पाठ. अनुभवी माणूस रजेवर गेला की त्या मार्गाची माहितीही त्याच्याबरोबर रजेवर गेली.

आणि चुकलं तर काय होतं? १९७२ चं साल आठवा. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. इंदापूर, बारामतीचा जिरायत पट्टा तर नेहमीच पावसाच्या भरवशावर. अशा वर्षी शहरात कामाला गेलेल्या माणसाची मनीऑर्डर म्हणजे गावातल्या घराचा महिन्याचा किराणा. ती आठवडाभर दुसऱ्याच इंदापुरात फिरत राहिली, तर इकडे चूल थांबणार.

१५ ऑगस्ट १९७२

असं नाही की नंबर वापरायची कल्पना जगात नवी होती. जर्मनीत १९४१ मध्ये टपालासाठी आकडे आले होते. अमेरिकेने १९६३ मध्ये पाच आकडी झिप कोड सुरू केला होता. आपल्याकडेही मोठ्या शहरांत विभागांचे नंबर होते. मुंबई २८ म्हटलं की दादर, पुणे ३० म्हटलं की सदाशिव पेठ. पण हे नंबर त्या त्या शहरापुरते. पूर्ण देशाला एका धाग्यात ओवणारी पद्धत नव्हती.

ती पद्धत वेलणकरांच्या पुढाकाराने आली. स्वातंत्र्याला २५ वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला. पिन म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर.

आता इंदापूरचा ४१३१०६ उलगडून बघू.

पहिला आकडा ४. देशाचे आठ भौगोलिक विभाग केले गेले आणि नववा आकडा लष्कराच्या टपालासाठी ठेवला. १ म्हणजे दिल्ली, पंजाब, हरियाणाकडचा भाग. ६ म्हणजे तमिळनाडू, केरळ. आपला ४, ज्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आताचं छत्तीसगड येतं. मदुराईच्या माणसाला मराठी येत नसली तरी ४ वाचता येतो. एका आकड्यात देशाचा बहुतांश भाग बाजूला पडला.

दुसरा आकडा त्या विभागातला छोटा भाग सांगतो. ४० ते ४४ मध्ये महाराष्ट्र आणि गोवा येतात. तिसऱ्या आकड्यावर वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो, म्हणजे या भागातली पत्रं आधी कुठल्या केंद्राकडे गोळा करायची ते. ४११ पुणे शहर, ४१३ सोलापूर, ४१४ अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. शेवटचे तीन आकडे प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसचे. १०६ म्हणजे इंदापूर.

आणि कोकणातलं इंदापूर? त्याचा पिन ४०२ ने सुरू होतो. तिसऱ्या आकड्यापर्यंतच दोन्ही इंदापुरांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नाव वाचायची गरजच उरली नाही.

जुने शहरी नंबरही वाया गेले नाहीत. मुंबई २८ चं झालं ४०००२८. पुणे ३० चं झालं ४११०३०. लोकांच्या तोंडात बसलेला आकडा तसाच ठेवून त्याच्या पुढे देशाचा पत्ता जोडला.

मग इंदापूर ४१३ मध्ये का?

कारण टपालाचा जिल्हा आणि महसूलाचा जिल्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महसूलाची हद्द सातबारा आणि तहसील बघते. टपालाची विभागणी थैल्या कुठे गोळा होणार आणि कुठून पुढे जाणार हे बघते. त्यामुळे ४१३ च्या पोटात सोलापूर जिल्हा तर आहेच, शिवाय पुणे जिल्ह्यातले इंदापूर, बारामती, दौंड आहेत. लातूर ४१३५१२ आहे. धाराशिव ४१३५०१ आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूरही ४१३७०९ आहे.

अकलूज ४१३१०१ आणि बारामती ४१३१०२ बघा. एक सोलापूर जिल्ह्यात, दुसरं पुणे जिल्ह्यात, पण टपालाच्या हिशेबात सख्खे शेजारी. पिनकोड विचारतो तो एवढंच की या पत्राने कुठल्या वाटेने जायचं.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण इंटरनेटही नेमकं असंच चालतं.

सहा आकडे दारापर्यंत नेत नाहीत

पिनकोडची एक मर्यादा आहे. ४१३१०६ हा आकडा पत्राला इंदापूरच्या पोस्टापर्यंत आणतो. त्याच पिनखाली शहर येतं आणि आसपासच्या गावांची छोटी शाखा पोस्ट ऑफिसंही येतात. आता थैली उघडली, पत्र हातात आलं. यातला माणूस कुठे राहतो?

हे पिनमध्ये लिहिलेलं नाही आणि लिहिता येणारही नव्हतं. घर बदलतं, भाडेकरू जातात, पोरं वेगळी राहतात. एवढी बारीक माहिती राष्ट्रीय नंबरात कोंबली असती तर नंबर रोज बदलावा लागला असता. म्हणून हे शेवटचं काम पोस्टमनवर राहिलं. त्याला माहीत असेल तर तो थेट घरी जातो. माहीत नसेल तर पारावर किंवा दुकानासमोर थांबून विचारतो की अमुक नावाचे कोण आहेत. ज्याचं नाव तो पुढे येतो, पत्र घेतो. पोस्टमन ते घर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी न विचारता जातो.

म्हणजे लांबचा प्रवास आकड्यावर, शेवटची शंभर पावलं विचारपूस करून. या जोडीवर भारताचं टपाल चाललं.

तुमचा वायफायही हेच करतो

पिन सुरू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात इथरनेटचा जन्म झाला. एकाच इमारतीतले कॉम्प्युटर एका वायरला जोडायची ही पद्धत. इथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक हार्डवेअर पत्ता असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. ४८ बिटांचा हा नंबर कंपनी कारखान्यातच देते. माणसाच्या चेहऱ्यासारखा, तुम्ही कुठेही राहायला गेलात तरी तोच.

दुसरीकडे इंटरनेटने वेगळा नंबर वापरायला घेतला, आयपी ॲड्रेस. हा पिनकोडसारखा. त्याच्या सुरुवातीच्या भागावरून कळतं की माहिती कुठल्या नेटवर्ककडे पाठवायची. वाटेतले राउटर तेवढंच बघतात, जसा रेल्वेतला माणूस पहिले तीन आकडे बघायचा.

आता अडचण तीच. माहिती योग्य नेटवर्कपर्यंत पोहोचली. पण शेवटची उडी मॅक ॲड्रेसवर मारावी लागते, आणि हातात आहे फक्त आयपी. कुठला आयपी कुठल्या यंत्राचा?

१९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी याचं उत्तर लिहून काढलं. त्याचं नाव ॲड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल, थोडक्यात एआरपी. पद्धत अगदी पारावरच्या पोस्टमनची.

समजा तुमच्या मोबाईलला घरच्याच वायफायवरच्या प्रिंटरला फाईल पाठवायची आहे. मोबाईलला प्रिंटरचा आयपी माहीत आहे, मॅक माहीत नाही. मग मोबाईल नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम हाक देतो की हा आयपी कोणाचा आहे. सोबत स्वतःचे दोन्ही पत्तेही सांगतो. टीव्ही ऐकतो आणि गप्प बसतो, कारण तो नंबर त्याचा नाही. लॅपटॉपही गप्प. प्रिंटर मात्र पुढे येतो आणि फक्त मोबाईललाच आपला मॅक ॲड्रेस कळवतो. मोबाईल ती जोडी थोडा वेळ लक्षात ठेवतो, म्हणजे दर वेळी हाक द्यावी लागत नाही. काही वेळाने ही आठवण पुसली जाते आणि गरज पडली तर पुन्हा विचारणा होते. कारण यंत्रंही घर बदलतात, आज या वायफायवर, उद्या त्या.

आणि यूट्यूब उघडलं तर? ते काही तुमच्या घरात नाही. मग मोबाईल फक्त राउटरचा मॅक विचारतो आणि माहिती त्याच्या हवाली करतो. परगावचं पत्र आपण त्या माणसाचं घर शोधत नेऊन देत नाही, गावच्या पोस्टात टाकतो, तसंच.

पण यात एक धोका आहे. पारावर विचारलं आणि भलत्याच माणसाने तो मीच म्हणून हात पुढे केला तर? एआरपीमध्ये उत्तर देणाऱ्याची ओळख तपासायची सोय मुळातच नाही. त्यामुळे सार्वजनिक वायफायवर एखादं यंत्र आपणच राउटर असल्याचं खोटं सांगून तुमची माहिती स्वतःकडून वळवू शकतं. पोस्टमन मनीऑर्डर देताना सही किंवा अंगठा घेतो, ओळख पटवतो, ते उगाच नाही. इंटरनेटवर हे काम एन्क्रिप्शन करतं. बँकेच्या ॲपमधली माहिती कुलूपबंद पाकिटात जाते, मधल्या माणसाच्या हाती लागली तरी त्याला वाचता येत नाही. तरीही स्टेशन, हॉटेल, एसटी स्टँडवरच्या मोफत वायफायवर पैशाचे व्यवहार टाळलेले बरे.

वेलणकर आणि प्लमर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एकाचं काम कागदाच्या पत्रांचं, दुसऱ्याचं विजेच्या. पण दोन्हीकडे काम दोन टप्प्यांत वाटलं गेलं. लांबची वाट ठरलेल्या नंबराने काढायची आणि जवळचा माणूस जागेवर विचारून शोधायचा.

निवृत्ती आणि त्यानंतर

पिन सुरू झाल्यावर वेलणकरांनी नोकरीत फार काळ काढला नाही. १९७३ मध्ये दिल्लीत इंडिपेक्स हे आंतरराष्ट्रीय टपाल तिकीट प्रदर्शन भरलं, त्याचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १९७३ ला ते निवृत्त झाले. म्हणजे आपला पिन देशात रुळताना त्यांनी खात्यात राहून जेमतेम साडेसोळा महिने पाहिला.

निवृत्तीनंतर उरलं ते संस्कृत. मुंबईत त्यांनी देववाणी मंदिरम् ही संस्था उभी केली. संस्कृत ही फक्त पूजेची आणि परीक्षेची भाषा राहू नये, लोकांपर्यंत जावी यासाठी ही संस्था काम करत होती. १९९६ मध्ये संस्कृतमधल्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १ एप्रिल १९९९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

लक्षात घ्या, राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तो संस्कृतसाठी. आणि लोकांच्या रोजच्या वापरात राहिला तो पिनकोड.

पन्नास वर्षांनंतर

आज देशात दीड लाखाहून अधिक पोस्ट ऑफिसं आहेत आणि ती सगळी सुमारे १९ हजार पिनकोडमध्ये बसतात. वेलणकर गेले तेव्हा आपल्याकडे ऑनलाइन खरेदी जवळजवळ नव्हतीच. आज खरेदीच्या ॲपवर वस्तू मिळेल की नाही हे सगळ्यात आधी पिन टाकून ठरतं. पत्रांसाठी बनवलेला नंबर मोबाईल, साड्या आणि औषधांची पार्सलं वाहतोय, आणि त्याच्या रचनेला अजून कुणी हात लावलेला नाही.

शेवटच्या शंभर पावलांची अडचणही तशीच आहे. पार्सल घेऊन आलेला मुलगा गावात पोहोचला की फोन करतो आणि विचारतो, घर नेमकं कुठे. वाड्यावस्त्यांवर तर गल्ली नाही, घर नंबर नाही, खूण काय सांगायची तर अमक्याची विहीर आणि तमक्याचा गोठा. रुग्णवाहिका बोलवायची असेल तर हीच अडचण जिवावर बेतू शकते.

यावर उपाय म्हणून टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. यात देशाच्या जमिनीचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा कोड दिलाय. म्हणजे वस्तीवरच्या घरालाही स्वतःचा पत्ता. तो रोजच्या वापरात किती रुळतो हे पुढे दिसेल. पण त्यातही घर सापडेल, घरातला माणूस कोण हे विचारावंच लागेल.

वेलणकरांच्या पिनने देशातल्या प्रत्येक गावाला, मग ते कुठल्याही भाषेतलं असो आणि त्याच्या नावाची आणखी कितीही गावं असोत, टपालाच्या नकाशावर हक्काची जागा दिली. इंदापूरच्या वाट्याला त्यात ४१३१०६ आला. जिल्हा पुण्याचा, वाट सोलापूरची, आणि पत्र मात्र बरोबर इंदापुरातच येतं.